वळिवडेच्या आधीची वर्षं: पोलिश बायकांवर कादंबरी लिहायची तर

पंचगंगाकाठ

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१९ साली कोल्हापूरजवळच्या वळिवडेच्या छावणीत लहानपण गेलेली काही वृद्ध मंडळी कोल्हापूरला आली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी गेले. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांतून ही हकिकत भरभरून छापून आली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश लोक इथे राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं बसवली जायची. गोष्ट खरी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे.

पण आपण ती वळिवडे स्टेशनवर सुरू करतो. गाडीतून उतरलेल्या या बायका आल्या कुठून, हे 'रशियाने हद्दपार केलेल्या' एवढ्यावर उरकतं. त्या तीन शब्दांत दोन-अडीच वर्षं गेलेली असतात, आणि मला लिहायचंय ते नेमकं त्यांच्यावर.

थोडी पार्श्वभूमी देते. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. हिटलर-स्टालिन करारात तो भाग स्टालिनच्या वाट्याला आला होता. पोलिश सैन्याचे अधिकारी, पोलीस, सरकारी नोकर धरले गेले. कोझेल्स्क, स्टारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव्ह इथल्या छावण्यांतून त्या हिवाळ्यात त्यांची पत्रं घरी यायची. ५ मार्च १९४० ला मॉस्कोत त्यांना गोळ्या घालायचा निर्णय झाला. त्याच आठवड्यात सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने त्यांच्या कुटुंबांच्या याद्या करायला सांगितल्या. १३ एप्रिलला त्या याद्यांवरच्या घरांची दारं वाजली. नवरे कातिनच्या जंगलात, कालिनिनमध्ये, खारकिव्हमध्ये मारले जात होते, आणि त्यांच्या बायका पोरांना घेऊन मालगाडीने कझाकस्तानकडे निघाल्या होत्या.

यातलं काहीही त्यांना ठाऊक नव्हतं. माझी नायिका डब्यात बसल्या बसल्या एकाच काळजीत आहे: नवऱ्याचं पुढचं पत्र जुन्या पत्त्यावर जाईल, दाराला कुलूप बघून पोस्टमन ते परत नेईल. या एका काळजीवर माझं पहिलं प्रकरण उभं आहे.

अडलंय ते असं. प्रकाशन व्यवसायातल्या एका स्नेह्यांनी कच्चा मजकूर वाचला. त्यांच्या मते पुस्तकाचा निम्मा भाग तरी वळिवडेत घडायला हवा, नाहीतर मराठी वाचकाचा धीर सुटेल आणि शेवटी त्याच्या हाती दिलासाही लागणार नाही. मला हे पटत नाही. वळिवडेत पोचलेली बाई मला शेवटच्या पानावरही नकोय. हुकूमशाहीखालचं बाईचं आयुष्य लिहायचं, तर चूल, सरपण, पोराचा ताप, कामाचे तास आणि शेजारणीवर किती विश्वास टाकायचा यातून लिहावं लागेल. सुटकेचा प्रकाश मागून पाडला की हे सगळं 'सोसलं, पण शेवट गोड झाला' असं वाचलं जातं. ज्यांचा शेवट गोड झाला नाही अशा बायका तर कितीतरी होत्या.

तुम्हाला काय वाटतं? कुणाकडे संदर्भ, ऐकीव आठवणी, त्या मुलखाची माहिती असेल तर जरूर लिहा.

रेवती_ग

वाचतेय. वळिवडेबद्दल ऐकून होते, पण नवऱ्यांची आणि बायकांची तारीख अशी एकमेकींत गुंतलेली आहे हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. घर सोडताना त्यांना वेळ किती मिळाला? सोबत काय नेलं? बाईच्या कादंबरीची सुरुवात मला तिथे दिसते.

जुनीपानं

फार चांगला विषय. इतिहासाच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण या विषयावर लिहिताना आकडे आणि गट यांची सरमिसळ फार होते.

मोठ्या हद्दपाऱ्या चार झाल्या. पहिली १० फेब्रुवारी १९४० ची, साधारण १,४०,००० लोकांची. यात पहिल्या महायुद्धानंतर पूर्वेकडे जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि वनखात्यातले लोक, सगळे कुटुंबकबिल्यासह. भर हिवाळ्यात त्यांना अर्खांगेल्स्क आणि सैबेरियाकडे लाकूडतोडीला पाठवलं. दुसरी तुमची, एप्रिलची, सुमारे ६१,००० जणांची, मुख्यतः बायका-मुलं, कझाकस्तानात. तिसरी जून १९४० ची. तिच्यात बहुसंख्य ज्यू होते, जर्मनांच्या ताब्यातल्या भागातून पळून पूर्वेला आलेले. चौथी १९४१ च्या मे-जूनमध्ये, आणि २२ जूनला हिटलरने रशियावर हल्ला केला. पोलिश निर्वासितांच्या जुन्या लिखाणात एकूण आकडा दहा लाखांच्या वर सांगितला जायचा. सोव्हिएत कागदपत्रं खुली झाल्यावर या चार लाटांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघाला. अटक झालेले आणि सक्तीने लाल सैन्यात घेतलेले त्याखेरीज.

दोन गोष्टी कादंबरीत याव्यात असं फार वाटतं. एक, तिसऱ्या लाटेतल्या ज्यू बायका. सैबेरियाच्या जंगलात त्यांचे हाल झाले, पण ज्या शहरांतून त्यांना उचललं तिथे मागे राहिलेल्या त्यांच्या नातेवाइकांपैकी बहुतेकांना नाझींनी पुढे मारलं. वाचल्याचं ओझं घेऊन जगलेली अशी एखादी बाई तुमच्या नायिकेच्या शेजारी असायला हवी.

दुसरी गोष्ट जरा अडचणीची आहे. त्या पूर्व भागातल्या खेड्यांत युक्रेनियन आणि बेलारूसी शेतकरी बहुसंख्य होते. माजी सैनिकांना वाटलेल्या जमिनींबद्दल त्यांच्या मनात राग होता. सोव्हिएत पोलीस दारावर आले तेव्हा बरोबर गावातलाच कुणी वाट दाखवायला असायचा. नायिकेला निव्वळ निष्पाप घरातली दाखवलंत तर हा माणूस खलनायक होऊन बसेल. त्याच्याही घरात एक बाई असणार. तिने पोलिश मालकिणीकडे धुणीभांडी केलेली असतील. हद्दपारीच्या रात्री ती काय करते? हे मला वाचायला आवडेल.

पंचगंगाकाठ

जुनीपानं, ही दुसरी सूचना मी वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे. मोलकरणीचं पात्र कच्च्या मजकुरात आहे, पण सध्या ती रडते आणि भाकरी बांधून देते, बस. तिला तिचं स्वतःचं मन द्यायला हवं.

रेवती, वेळ कुठे अर्धा तास, कुठे दोन तास मिळाला. बराचसा भाग आलेल्या माणसाच्या मर्जीवर होता. आठवणी वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. काही बायकांना सुचेना, त्यांनी फोटो, चांदीचे चमचे, लग्नातला पोशाख असं काहीबाही भरलं. काही ठिकाणी हत्यारबंद शिपायानेच हळूच सांगितलं, बाई, गरम कपडे घे, परांच्या रजया घे, शिलाई मशीन घे. ज्यांनी हे नेलं त्यांचा पहिला हिवाळा त्यावर निघाला.

शिलाई मशीनवर माझं एक पूर्ण प्रकरण आहे. नायिकेची जाऊ नको नको म्हणत असताना नायिका मशीनचं डोकं पायट्यापासून सोडवते आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळते. पायटा मागे राहतो. कझाकस्तानातल्या सामूहिक शेतावर पोचल्यावर ती एका फळीला ते डोकं ठोकून घेते आणि उजव्या हाताने चाक फिरवत डाव्या हाताने कापड सरकवते. व्यवस्थापकाच्या बायकोला लोव्होव्ह शहरातल्या फॅशनचा ब्लाउज हवा असतो. मजुरीत दूध मिळतं, कधी पीठ. दोरा संपल्यावर जुन्या स्वेटरची, पिशव्यांची सुतं उसवायची. सुई मोडली की संपलं, म्हणून ती सुई रात्री मशीनमधून काढून स्वतःच्या कॉलरच्या शिवणीत खुपसून झोपते. आणि मग बाकीच्या पोलिश बायका तिच्याशी जरा तुटक वागू लागतात, कारण तिच्या पोराला दूध मिळतं आणि त्यांच्या पोरांना मिळत नाही. ते दूध ती वाटते का? रोज वाटते? किती दिवस? मला त्या प्रकरणात एवढंच लिहायचंय.

गोदाकाठची

मी इतिहासातली नाही, शेतकरी घरातली आहे. एक विचारायचं होतं. त्या माळरानात झाडंच नाहीत म्हणतात, मग जळण काय वापरायच्या?

पंचगंगाकाठ

गोदाकाठची, शेण! तिथे त्याला किझ्याक म्हणतात. गुरांचं शेण आणि पेंढा एकत्र करून पायांनी तुडवायचं, साच्यात घालून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि घरामागे रचून ठेवायच्या. उन्हाळ्यात रचलेल्या ढिगावर पुढचा हिवाळा अवलंबून. ज्यांचं हे हुकलं त्या बायका डिसेंबरात बर्फाखालच्या वाळक्या झुडपांच्या काड्या शोधत फिरायच्या. लोव्होव्हमध्ये पियानो शिकवणारी बाई अनवाणी शेण तुडवतेय, हे पोलिश आठवणींत मानहानीचं म्हणून येतं.

गोदाकाठची

तेच मनात आलं होतं. आमच्याकडे यात कसली आली मानहानी? माझ्या आजीने जन्मभर गोवऱ्या थापल्या. शेणात भुसा किती घालायचा, जास्त झाला तर गोवरी कशी फुटते, पावसाआधी गोवऱ्यांचा हुडवा कसा लिंपून घ्यायचा, याची तिला नीट जाण होती. तुमच्या नायिकेला ते काम पहिल्या दिवशी घाण वाटेल, ठीक आहे. पण दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिचा हात बसलेला असणार. आपल्या विटा शेजारणीच्या विटांपेक्षा जास्त वेळ जळतात हे तिला कळलं असणार, आणि त्याचं बरंही वाटलं असणार. हे लिहा हो. सतत अपमानच लिहिला तर ती बाई कामाला लागलेली दिसतच नाही. ज्या कझाक बाईने तिला शिकवलं तीही दिसली पाहिजे. कुणीतरी शिकवल्याशिवाय शेणाची वीट जमत नाही.

आणि कापणीनंतर सरवा वेचायला मिळायचा का त्यांना?

जुनीपानं

सरव्याबद्दल सांगतो, कारण तिथे राजवट थेट बाईच्या ओच्यापर्यंत येते. ७ ऑगस्ट १९३२ चा एक सोव्हिएत कायदा होता. सामूहिक शेतातली कुठलीही वस्तू राज्याची मालमत्ता. कापणी उरकल्यावर रानात पडलेली कणसं उचलणं हीसुद्धा चोरी, आणि शिक्षा दहा वर्षांची, सुरुवातीच्या काळात मृत्युदंडसुद्धा. लोक त्याला कणसांचा कायदा म्हणायचे. कणसं कुजून गेली तरी चालतील, बाईच्या पदरात जाता कामा नयेत.

त्यात २६ जून १९४० चा हुकूम आला. कारखाने आणि सरकारी शेतांवर वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरी म्हणजे फौजदारी गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत पगारातून चौथा हिस्सा कापला जायचा. घरी पोराला ताप असेल तर बाईने काय करायचं? 'जो काम करणार नाही तो खाणार नाही' हे १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. ज्यांना काम झेपत नव्हतं त्या म्हाताऱ्या सासवांचं काय, त्यांच्या वाट्याची भाकर कोण कमी खात होतं? कादंबरीकाराने हे हिशेब मांडावेत. इतिहासाच्या पुस्तकांत ते येत नाहीत.

अनिकेत_पु

थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका. याच काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. आपल्याच बायकांवर युद्धकाळाने काय आणलं ते मराठीत धड कुणी लिहिलेलं नाही. पोलिश बायकांच्या खऱ्या जबान्या आहेत, आठवणी आहेत. मग कोल्हापुरात बसून त्यांची काल्पनिक कादंबरी कशासाठी? ज्या दुःखाशी आपला संबंध नाही ते लिहिताना सजावट होण्याची भीती वाटते.

पंचगंगाकाठ

अनिकेत, राग कशाला? ही भीती मलाही रोज असते, म्हणून सविस्तर लिहिते.

संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. त्या पाच वर्षं आपल्या गावाशेजारी राहिल्या. त्यांतल्या काही इथल्याच मातीत आहेत, कोल्हापुरात त्यांची दफनभूमी आहे. बंगालच्या दुष्काळावर मराठीत लिहिलं जायलाच हवं आणि कुणी लिहायला घेतलं तर मी पहिली वाचक असेन. पण एक लिहिल्याने दुसऱ्याची जागा जात नाही.

जबान्यांबद्दल बोलायचं तर, हो, आहेत. १९४२ नंतर पोलिश सैन्याने इराण आणि मध्यपूर्वेत सुटून आलेल्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, मुलांकडून शाळेत निबंध लिहून घेतले. ते कागद आज कॅलिफोर्नियातल्या हूव्हर संस्थेत जपलेले आहेत. पण प्रश्न कुणी विचारला आणि कशासाठी, यावर उत्तर ठरतं. त्या जबान्या जगापुढे सोव्हिएत राजवटीचा गुन्हा मांडण्यासाठी घेतल्या होत्या. किती तास काम, किती भाकर, कोण मेलं, अधिकारी कसे वागले, हे त्यांत आहे. धान्याच्या गोदामाची किल्ली ज्याच्याकडे त्या मुकादमाने बाईकडून काय मागितलं, यावर बहुतेकजणी गप्प आहेत. उपासमारीने पाळी बंद झाली, त्याबद्दल गप्प. एका पोराला वाचवताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं, त्याबद्दल गप्प. मुलांच्या निबंधांत आई आहे, पण ती मुलाने पाहिलेली आई आहे. कादंबरीचं काम मला तिथे दिसतं. कागदावर जे आहे त्याच्या विरोधात एक ओळ लिहायची नाही, आणि जिथे कागद थांबतो तिथून पुढे जबाबदारीने जायचं.

अनिकेत_पु

पटलं. 'कागदाच्या विरोधात एक ओळ नाही' हे पाळणार असाल तर माझा आक्षेप मागे. लिहाच.

विस्तुलाकाठी

मी बरीच वर्षं वॉर्सात राहते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे 'सैबेरियाला गेलेली' हा शब्दप्रयोग घराघरात आहे. कझाकस्तानात गेलेल्यांनाही तेच म्हणतात. १९८९ पर्यंत यावर उघड बोलणं अवघड होतं. कातिनचं पाप सोव्हिएत युनियनने जर्मनांवर ढकललं होतं आणि पोलंडच्या शाळांतही तेच शिकवलं जायचं. कबुली आली १३ एप्रिल १९९० ला. बर्लिन रेडिओने कबरी सापडल्याचं जाहीर केलं होतं तेही १९४३ च्या १३ एप्रिललाच, आणि बायकांना उचललं तो दिवसही हाच. म्हणजे ज्या बाईला १९४० मध्ये घराबाहेर काढलं, तिला नवऱ्याला कुणी मारलं याची अधिकृत कबुली मिळायला बरोबर पन्नास वर्षं लागली. तोवर ती असली तर.

कझाक बाईबद्दल गोदाकाठचींनी लिहिलंय त्याला माझा जोरदार पाठिंबा. पोलिश आठवणींत कझाक माणसं बहुतेक वेळा मागच्या पडद्यावर असतात, कधी दयाळू, कधी चोर. पण त्यांच्यावर काय येऊन गेलं होतं? १९३० ते ३३ च्या दुष्काळात, भटक्या पशुपालकांची गुरं काढून घेऊन त्यांना सक्तीने एका जागी बसवलं तेव्हा, दहा लाखांहून जास्त कझाक मेले. तुमच्या नायिकेला ज्या मातीच्या झोपडीत कोपरा मिळतो, त्या झोपडीतल्या बाईने सात-आठ वर्षांपूर्वी स्वतःची पोरं पुरली असण्याची शक्यता बरीच आहे. पाव्हणी म्हणून लादलेल्या या परक्या बाईकडे ती कशी बघेल?

शिवाय त्याच मुलखात, आजच्या अस्तानाजवळ, अल्झिर नावाची छावणी होती. देशद्रोही ठरवलेल्यांच्या बायकांसाठी खास. १९३७ च्या एका हुकुमाने अशा बायकांना फक्त लग्नाच्या नात्यावरून पाच-आठ वर्षांची शिक्षा व्हायची. १९३८ च्या सुरुवातीला छावणी उघडली. आता तिथे संग्रहालय आहे. एक आठवण तिथे सांगितली जाते: गोठलेल्या तळ्याकाठी बोरू कापणाऱ्या कैदी बायकांवर गावातली पोरं-म्हातारे दगड फेकत होते. पहारेकरी हसले. एक बाई अडखळून पडली तेव्हा तिच्या नाकाला दुधाचा वास आला. दगड नव्हतेच ते, कुर्त होता, खारवून वाळवलेल्या दह्याचे गोळे. नवऱ्याच्या गुन्ह्यासाठी बायकोला पकडायचं ही पद्धत पोलिश बायकांवर वापरण्याआधी सोव्हिएत सरकारने आपल्याच बायकांवर वापरून झाली होती, हे कादंबरीत कुठेतरी यायला हवं.

रेवती_ग

विस्तुलाकाठी, कुर्ताची गोष्ट वाचून थांबलेच. धाग्यावर येणारे प्रतिसाद वाचून वाटतं, ही कादंबरी एकाच बाईची राहणार नाही.

पण मला अजून कळलेलं नाही, सुटका झाली कशी? सोडलं कुणी आणि का?

जुनीपानं

हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर स्टालिनला मित्र हवे होते. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी त्याचा करार झाला, ऑगस्टमध्ये हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांना माफी जाहीर झाली आणि जनरल अँडर्सच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं. दूरदूरच्या वस्त्यांत ही बातमी कधी उशिरा पोचली, कधी दाबून ठेवली गेली. ज्यांना कळली ते जमेल तसे दक्षिणेला निघाले, उझबेकिस्तानकडे, सैन्याच्या मागे. वाटेत आणि तिथे पोचल्यावर टायफस आणि हगवणीने फार माणसं मेली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात सुमारे १,१५,००० लोक पोचले. त्यातले सदतीस हजारांच्या आसपास सैन्याबाहेरचे, मुख्यतः बायका-मुलं. किनाऱ्यावर त्यांचे कपडे जाळले, उवांमुळे डोकी भादरली. उपाशी पोटाला तुपकट जेवण सोसलं नाही म्हणूनही काही दगावले. तिथून तेहरान, इस्फहान, मग कराची आणि शेवटी वळिवडे. मुलांचा एक जथा त्याआधीच रस्त्याने क्वेट्टामार्गे मुंबईला येऊन काही काळ बांद्र्यात राहिला आणि पुढे जामनगरजवळ बालाचडीला गेला. पोलिश वाणिज्यदूताच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी त्या कामी खूप खटपट केली.

पंचगंगाकाठ

या प्रवासातली एक गोष्ट माझ्या कादंबरीचा कणा आहे. उझबेकिस्तानात पोलिश अनाथालयं उघडली होती. इराणला जाणाऱ्या जथ्यांत त्यातल्या मुलांना जागा मिळायची शक्यता जास्त. मग जिवंत आया आपल्या पोरांना घेऊन अनाथालयाच्या दारात यायच्या आणि मूल पोरकं आहे असं सांगून निघून जायच्या. पोराला बजावून ठेवायच्या, 'आई मेली' म्हण. काहीजणी तिथेच स्वयंपाकाला, धुण्याला राहायच्या. आपलं पोर समोर, पण हाक मारायची नाही.

माझ्या कादंबरीतल्या दोन जावांमधली धाकटी हेच करते. सहा वर्षांचा मुलगा आहे. तो शहाणा आहे, तिने शिकवलेलं तो एकदाही चुकत नाही. ऑगस्टच्या जथ्यात त्याचं नाव लागतं, तिचं लागत नाही. हे प्रकरण लिहून झालंय आणि त्यात मी एकदाही 'अश्रू' हा शब्द वापरलेला नाही. तो दिवस ती कसा घालवते एवढंच आहे: मुलाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावायचं राहिलंय, आणि अनाथालयातल्या बाईसमोर ते लावून द्यावं की नको हे तिला ठरवता येत नाही. परक्या मुलाचं बटण कुणी इतक्या निगुतीने लावत नाही, ते ओळखू येईल.

गांधीनगरकर

मी गांधीनगरचा, सिंधी. आमचं दुकान त्याच जागेवर आहे जिथे ही छावणी होती. घरी बोलतो सिंधी, बाहेर मराठी. पोलिश लोक गेले आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या आमच्या आजी-आजोबांना त्याच बराकी मिळाल्या. चटईच्या भिंती, वर कौलं. आजी सांगायची, आल्यावर पहिले काही दिवस ती भिंतीवर काय काय लिहिलेलं, खुणा केलेल्या बघत बसायची. कळत काहीच नव्हतं, पण इथे आपल्यासारखीच घर सुटलेली बाई राहून गेली एवढं कळायचं.

ताई, तुम्ही म्हणता वळिवडे शेवटच्या पानावरही नको. तुमचं कारण समजलं. तरी सुचवतो, सुटकेचं ठिकाण म्हणून नको, पण त्या बायकांना इथेही चैन नव्हतं हे कुणी लिहीत नाही. याल्टाच्या वाटाघाटीत त्यांची गावं रशियाकडे गेली, घरी जायला घरच उरलं नाही. १९४७-४८ मध्ये छावणी मोडली तेव्हा कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेलं. आमच्या घरात हे दुखणं फार ओळखीचं आहे.

पंचगंगाकाठ

गांधीनगरकर, तुमच्या आजीची ती भिंत मला कादंबरीत घ्यायची परवानगी द्याल? नाव-गाव बदलून, तुम्हाला आधी दाखवून.

या प्रतिसादाने माझा एक हट्ट सैल केला. वळिवडे आणते, पण थोरल्या जावेच्या वाट्याला, आणि धाकटीच्या मुलाबरोबर. छावणीत तिला पोटापुरता भत्ता आहे, पोरगा शाळेत जातो, आणि तो तिला काकी म्हणतो कारण ती त्याची काकीच आहे. सगळं ठीक आहे, फक्त रोज त्याला सांगावं लागतं की आई येईल.

तिकडे धाकटी सोव्हिएत हद्दीत अडकलेली. एप्रिल १९४३ मध्ये कातिनवरून स्टालिनने पोलिश सरकारशी संबंध तोडले. त्याआधी महिना-दोन महिने मागे राहिलेल्यांवर सोव्हिएत नागरिकत्वाचे पासपोर्ट घेण्याची सक्ती सुरू झाली होती. नकार देणाऱ्यांना, त्यात बायकाही होत्या, तुरुंगात टाकलं. सही केली तर आपण सोव्हिएत प्रजा ठरू आणि इराणला गेलेलं मूल कायमचं परक्या देशाचं होईल, या भीतीने ती सही करत नाही. ज्यांनी सह्या केल्या त्या भित्र्या होत्या असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिच्या शेजारची बाई सही करते, कारण तिचं पोर तिच्याजवळ आहे आणि त्याला उद्या भाकर हवीय. कादंबरीत या दोघी एकाच खोलीत राहतात. तुरुंगातून सुटून आल्यावर धाकटीला पहिल्यांदा पाणी तापवून कोण देतं, तर तीच.

१९४६ मध्ये उरलेल्यांना पोलंडला पाठवलं, तेही पश्चिमेकडे, जर्मनांकडून घेतलेल्या मुलखात. तिथे तिला एका अनोळखी जर्मन कुटुंबाचं घर मिळतं. कपाटात त्यांच्या बशा तशाच आहेत.

आई आणि मुलगा पुन्हा भेटतात की नाही, यावर मी अजून ठाम नाही. रेड क्रॉसमार्फत शोध लागून काही कुटुंबं भेटली, काही कधीच भेटली नाहीत.

रेवती_ग

न भेटलेली ठेवा, पण पत्र पोचू दे. पहिलं प्रकरण न पोचणाऱ्या पत्राचं आहे म्हणून नव्हे, तर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा जिला आठवत नाही त्या आईला काय लिहील, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

गांधीनगरकर

परवानगी आहे. आजीचं नाव बदलू नका, ती असती तर तिला आवडलं असतं. व्यक्तिगत निरोपात कळवतो.

गोदाकाठची

शेणाच्या विटांचं प्रकरण झालं की मला वाचायला पाठवा. भुशाचं प्रमाण मी तपासून देते.

पंचगंगाकाठ

नक्की पाठवते. विस्तुलाकाठी, तुम्हाला एक काम आहे: एप्रिलमध्ये लोव्होव्हमधून निघालेली गाडी पाव्हलोदार भागात पोचेपर्यंत कुठल्या कुठल्या स्टेशनांवर थांबायची, उकळतं पाणी कुठे मिळायचं, याची माहिती पोलिश आठवणींत मिळते का बघाल? डब्याचं दार किती दिवसांनी उघडलं हे मला अंदाजाने लिहायचं नाही.

विस्तुलाकाठी

बघते. इथल्या ग्रंथालयात आठवणींचे संग्रह आहेत. तुमच्या प्रकरणाशी जुळतील ती पानं उतरवून मराठीत करून पाठवते. आधी मोलकरणीचा भाग लिहून काढा, तो कसा होतो याची मला जास्त उत्सुकता आहे.